काचेपलीकडचा समुद्र

आमच्या जुन्नरला समुद्र नाही. समुद्राकडे जाणारी वाट मात्र 2000 वर्षांची आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून इथे येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे जुनी माणसे सांगत.

1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. शाळेच्या सहलीत मी तिथेच समुद्र प्रथम आतून पाहिला.

पुढे माझ्या भाच्याने तो घरीच आणला. लिटरमागे 35 ग्रॅम क्षार कालवून टाकी भरली आणि तीत लायनफिश सोडला. पिसाऱ्यासारखे पंख पसरून तो तरंगे. विष त्या पिसाऱ्यात नसते. ते पाठीवरच्या 13 आणि पोटाखालच्या 5 काट्यांत असते.

एकदा टाकी साफ करताना काटा बोटात गेला. बहीण बर्फ घेऊन धावली. पण हे विष प्रथिनांचे, उष्णतेने मोडणारे. आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवायचे, मग दवाखाना गाठायचा.

"मामू, चूक माझीच. तो जीव वाचवत होता," भाचा कण्हत म्हणाला.

हौस फिटली की काही लोक मासा समुद्रात सोडतात. 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ हा परका मासा प्रथम सापडला. आज कॅरिबियन समुद्रातले लहान मासे तो फस्त करतो आहे.

समुद्र घाट चढवून आणला, तर जकात द्यावीच लागते. ती म्हणजे त्या माशाच्या आयुष्यभराची राखण.