मागे पडलेली पुस्तिका

पनवेलची जुनी माहिती हवी असेल तर ती कुलाब्याच्या गॅझेटिअरात पाहावी, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची जी गॅझेटिअरे निघाली, त्यांत पनवेल सापडते ते ठाणे जिल्ह्याच्या खंडांत. ते खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. आणि पुढल्याच साली, म्हणजे १८८३ मध्ये, पनवेल ठाण्यातून काढून कुलाब्यास जोडण्यात आले. छापखान्याची शाई पुरती वाळली नसेल तोच गाव पानावरून उठून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन बसला!

पुढे १९६४ साली महाराष्ट्र शासनाने कुलाब्याच्या गॅझेटिअरची सुधारलेली आवृत्ती काढली. पण १९८१ च्या १ जानेवारीस जिल्ह्याचेच नाव बदलून रायगड झाले, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील नावही जुने ठरले. २०१६ साली पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. ह्यात दोष कोणाचाच नाही. वर्ण्यवस्तू चालत राहते, वर्णन मात्र बसल्या जागी असते.

आज मला ज्या वर्णनाविषयी लिहावयाचे आहे ते मात्र गावाचे नव्हे. ते आहे संगणकावरील एका मुक्त साधनाचे. 'मुक्त' एवढ्याचसाठी की, त्याची आतली सारी रचना वाचण्यास, बदलण्यास आणि दुसऱ्यास देण्यास कोणालाही मोकळीक आहे. साधनाचे नाव एक्सएसएलटीप्रॉक. नाव उच्चारावयास ओबडधोबड आहे हे कबूल. पण काम मोठे नेटके आहे. पनवेलात बसून मी गेले काही महिने त्याच्या माहितीपुस्तिकेची मराठी प्रत सुधारीत आहे, आणि त्या निमित्ताने ह्या साधनाचा इतिहासही धुंडाळून झाला. तो सांगण्यासारखा आहे.

प्रथम साधन काय करते ते पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पुष्कळांनी हाताळला असेल. त्यात शब्दापुढे बारीक अक्षरांत खुणा असतात. पुल्लिंगासाठी एम, स्त्रीलिंगासाठी एफ. शब्द संस्कृतातला असेल तर एस, फारसीतला असेल तर पी. सरावलेला वाचक ह्या खुणांवरून क्षणात समजतो की, हे लिंग, हे मूळ, हा अर्थ. यंत्राला तसा सराव नसतो. त्याला प्रत्येक भागाच्या आधी व नंतर कंसातली खूण घालून सांगावे लागते: येथे शब्द सुरू झाला, येथे संपला; येथे मूळ सुरू झाले, येथे संपले. अशा खुणा घालण्याच्या सर्वमान्य पद्धतीस एक्सएमएल म्हणतात. एकदा खुणा घातल्या की मजकूर एकच राहतो आणि रूपे हवी तितकी घेता येतात. त्यातूनच छापावयाचे पान निघते, त्यातूनच दूरध्वनीच्या पडद्यावर मावेल असे पान निघते, आणि फक्त फारसीतून आलेल्या शब्दांची यादी हवी असेल तर तीही निघते. कोणत्या खुणेचे काय करावयाचे हे ज्या कागदावर लिहितात त्यास शैलीपत्रक म्हणावे. ते लिहिण्याची भाषा एक्सएसएलटी. आणि शैलीपत्रक वाचून प्रत्यक्ष रूपांतर करणारा कारागीर म्हणजे आपला एक्सएसएलटीप्रॉक.

ही कल्पना काही कालची नाही. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी ह्या तिघांनी मजकुराचे रूप आणि मजकुराची रचना ह्यांची फारकत करणारी खुणांची एक भाषा बांधली. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. ते फार पसरट होते, म्हणून त्याची काटछाट करून १९९८ च्या फेब्रुवारीत एक्सएमएल आले. १९९९ च्या नोव्हेंबरात जेम्स क्लार्क ह्याच्या संपादनाखाली एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. दुसरी २००७ साली, तिसरी २०१७ साली. ह्या दोहोंचा संपादक मायकेल के. हाच मायकेल के सॅक्सन नावाच्या दुसऱ्या एका रूपांतर-साधनाचा कर्ता. आणि त्याने ह्या भाषेवर जो जाडजूड संदर्भग्रंथ लिहिला, त्याची पहिली आवृत्ती २००० साली निघाली व चौथी २००८ साली. आठ वर्षांत चार आवृत्त्या! भाषा पुढे सरकली की ग्रंथकाराने पुन्हा लेखणी उचलावयाची, असा त्याचा शिरस्ता.

एक्सएसएलटीप्रॉकची गोष्ट निराळी. डॅनियल व्हेयार ह्या फ्रेंच संगणकज्ञाने जीनोम ह्या मुक्त प्रकल्पासाठी लिबएक्सएसएलटी हा साधनसंच रचला. एक्सएसएलटीप्रॉक हा त्याचाच दर्शनी भाग. तो २००१ साली पुढे आला आणि आजतागायत भाषेच्या पहिल्याच आवृत्तीशी एकनिष्ठ राहिला आहे. म्हणजे असे की, येथे पुस्तके पुढे गेली आणि साधन जागीच राहिले. गॅझेटिअरच्या अगदी उलट.

ह्यामुळे नवशिक्याची फार तारांबळ उडते. समजा, कोशातले शब्द मुळांप्रमाणे गटवार लावावयाचे आहेत: संस्कृत एकीकडे, फारसी एकीकडे, अरबी एकीकडे. नव्या पुस्तकात त्यासाठी एका ओळीची सोय दिलेली असते, कारण दुसऱ्या आवृत्तीत ती भाषेतच आहे. ती ओळ एक्सएसएलटीप्रॉकला दिली तर तो ओळखच दाखवीत नाही. पहिल्या आवृत्तीत गट पाडण्याची स्वतंत्र सोय नव्हती. ओरॅकल कंपनीतील स्टीव्ह म्यूंच ह्याने त्यावर तोड काढली. प्रत्येक मुळाची एक किल्ली करावयाची, आणि ज्या शब्दापाशी ती किल्ली पहिल्यांदा लागते तेथून गट सुरू करावयाचा. जाणकारांत ही रीत त्याच्याच नावाने ओळखली जाते. नव्या पुस्तकांतून ती हळूहळू मागे पडली, पण जुन्या साधनाला तिच्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा पुस्तिका अद्ययावत करणे म्हणजे तीत केवळ नवे भरणे नव्हे. जुने कोठे अजून लागू आहे हे नीट सांगणे, हा त्या कामाचा अर्धा भाग. आणि माझ्या मते अधिक अवघड भाग.

मूळ पुस्तिकेचा लेखक कोण हे कळले तेव्हा मला मोठी मौज वाटली. एक्सएसएलटीप्रॉकच्या माहितीपानाखाली नाव आहे जॉन फ्लेक ह्याचे. हा गृहस्थ अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्कीच्या एका वृत्तपत्रात विज्ञानविषयक बातमीदारी करीत असे, आणि पुढे कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपावरील त्याच्या ग्रंथांनी नावाजला गेला. ज्याचा व्यवसाय पाण्याच्या बातम्या लिहिण्याचा, त्याने फावल्या वेळात संगणकाच्या एका अवजाराचे वर्णन लिहिले, तेही उत्तम. आमच्याकडील दाखला पाहावा तर मोल्सवर्थचाच. तो सैन्यातला अधिकारी. त्याचे साथीदार टॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ, तेही सैन्यातलेच. शास्त्रीमंडळी जोडीला घेऊन त्यांनी १८३१ साली मराठी कोश सिद्ध केला. मोल्सवर्थ मायदेशी गेला, परत आला, आणि १८५७ साली कोशाची दुसरी आवृत्ती आली. आपण वापरतो ती हीच. पहिला कोश पदरी असताना पुन्हा सारी पाने चाळून शब्द वाढविणे, अर्थ पारखणे, हे कष्ट त्याने का घेतले असतील? पंचवीस वर्षांत मराठी लिहिणारे वाढले होते, छापखाने वाढले होते, आणि कोश मागे पडला होता. लोकांनी त्याला मोलेसरशास्त्री म्हटले ते काही उगाच नव्हे.

पुस्तिकेत काय बदलावे लागते ह्याचे एक-दोन मासले देतो. साधनाला बाहेरून एखादे मूल्य पुरविण्याच्या दोन वाटा आहेत: पॅरम आणि स्ट्रिंगपॅरम. दिसावयास सारख्या, पण पहिल्या वाटेने 'पनवेल' असे नुसते लिहिले तर साधन त्यास शब्द समजत नाही. 'पनवेल' नावाची खूण मजकुरात कोठे आहे का ते शोधू लागते. ती नसते. मग ते काहीही तक्रार न करता कोरे पान हातात ठेवते. गावाचे नाव गावाचे नाव म्हणूनच पोहोचावयाचे असेल तर दुसरी वाट धरावी. मूळ पानात हे आहे, पण एका ओळीत. मराठी प्रतीत त्यास मी परिच्छेद दिला आहे.

दुसरा मासला आपल्या भाषेचाच. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ येतो तो ह नंतर. युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंकेतात मात्र ळ ला ल च्या लगेच पुढचा क्रमांक मिळाला आहे, आणि व त्याच्या मागून येतो. शब्द नुसत्या क्रमांकांवर लावले तर 'काळ' हा 'काव' आणि 'कास' ह्यांच्या आधी जाऊन बसतो. इंग्रजी पुस्तिकेच्या लेखकास हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. कोश लावणाऱ्या मराठी माणसास तो पहिल्याच दिवशी पडतो, म्हणून क्रम लावण्याच्या प्रकरणात त्याची टीप घालणे भाग झाले. नुसत्या भाषांतराने हे साधले नसते.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही पुस्तिका स्वतः डॉकबुक नावाच्या एक्सएमएलच्या एका घाटात लिहिलेली आहे. तिचे वाचनीय पान तयार होते ते एक्सएसएलटीच्याच शैलीपत्रकांतून. म्हणजे सुताराने आपली पेटी आपल्याच रंध्याने तासावी तसे. त्या डॉकबुकच्या शैलीपत्रकांच्या संचात जगातील अनेक भाषांच्या फायली आहेत. 'प्रकरण', 'अनुक्रमणिका' अशा शब्दांना त्या त्या भाषेत काय म्हणावे हे त्यांत नोंदलेले असते. मराठीचीही एक फाईल तेथे आहे. कोणीतरी कधीतरी बसून ती भरली.

हे सारे करावयाचे ते कोणाच्या हिमतीवर, हा प्रश्न आता खरोखरीच उभा राहिला आहे. २०२५ साली लिबएक्सएसएलटीची वर्षानुवर्षे देखभाल करणाऱ्याने ती जबाबदारी खाली ठेवली. विनावेतन कामावर सुरक्षिततेच्या तक्रारींचा भार किती पडावा ह्यास काही मर्यादा आहेच. त्याच वर्षी, आतून हाच संच वापरणाऱ्या क्रोम ह्या न्याहाळकाच्या कर्त्यांनी, त्यातून एक्सएसएलटीची सोय काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. वापर थोडा, धोके अधिक, असा त्यांचा हिशेब. धोक्याबद्दल त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण जुन्या दप्तरखान्यांतून आणि ग्रंथालयांतून ह्या साधनावर विसंबून किती पाने उभी आहेत, त्याचा हिशेब त्यांच्या गणतीत कितपत आला असेल, ह्याची मला शंका आहे.

स्वतःच्या संगणकावर चालविलेल्या एक्सएसएलटीप्रॉकला ह्या निर्णयाचा उपद्रव होत नाही. मात्र न्याहाळकावर विसंबून पान दाखवावे, ही वाट आता धोक्याची झाली. सुधारलेल्या मराठी प्रतीच्या दुसऱ्या पानावर त्यासाठी सहा ओळी घातल्या आहेत, आणि त्यांच्या शेवटी वर्ष लिहिले आहे. पुढे जो कोणी ही प्रत हाती घेईल, त्याला त्या ओळी कितपत शिळ्या झाल्या आहेत ते लगेच ताडता यावे म्हणून.