बरगड्यांखालचा तिठा

हात कोपरापर्यंत धुवा आणि आत या. तारीख १ मार्च १९६३, गाव अमेरिकेतलं डेन्व्हर. टेबलावर तीन वर्षांचं मूल आहे. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या जन्मापासूनच बंद. त्यामुळे अंग हळदीसारखं पिवळं, पोट फुगलेलं, आणि त्या पोटावर आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण. सुरी थॉमस स्टार्झल यांच्या हातात आहे. कुत्र्यांवर बरीच वर्षं सराव झालाय, पण माणसाचं यकृत काढून तिथे दुसरं बसवायचं धाडस याआधी कुणी केलेलं नाही.

सुरी कातडीवर टेकते आणि तिथेच गाडं अडतं. एरवी नजरेतही न भरणाऱ्या शिरा इथे फुगून तट्ट झाल्यात. यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त पुढे सरकत नाही. ते आडवाटेने पोटाच्या भिंतीत, जुन्या व्रणात घुसतं. त्यात रक्त गोठवणारे बरेचसे घटक बनवतं तेही यकृतच, म्हणून जे वाहू लागतं ते थांबायचं नाव घेत नाही. एक शीर बांधली की तसूभर पुढे दुसरी. चिमटा, दोरा, गाठ, मॉप. पुन्हा चिमटा. तुम्ही घड्याळाकडे बघता: नुसतं पोटात शिरायलाच काही तास गेलेत.

मूल टेबलावरच जातं. त्या वर्षी डेन्व्हरमध्ये आणखी चार प्रयत्न झाले. एकही रुग्ण महिनाभर टिकला नाही. मग काम थांबलं. यश दिसलं ते जुलै १९६७ मध्ये.

आता पिट्सबर्ग, १९८४. रात्रीचे दोन वाजलेत आणि खोलीत दिवसासारखी धावपळ. बर्फाच्या पेटीत आलेलं यकृत आठेक तासांपलीकडे टिकत नाही, तेव्हा सकाळची वाट बघायची सोय नाही. दोन्ही बरगड्यांच्या कडेखाली, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद जातो. मधोमध छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत आणखी एक उभी रेघ. मोटारीवरच्या चांदणीवरून या आकाराला ‘मर्सिडीज’ म्हणतात. पोटाचे दोन्ही सरळ स्नायू कॉटरीने आडवे कापले जातात आणि जळक्या मांसाचा वास मास्कमधूनही नाकात शिरतो. रिट्रॅक्टर बरगड्या वर उचलून धरतो. आता वाका आणि बघा: यकृताच्या मागे, श्वासपटलाला लागून, महाशिरेत उघडणाऱ्या आखूड, रुंद यकृतशिरा. सगळा खटाटोप यांच्यासाठी. इथे टाका सुटला तर रक्त बाहेर येत राहतं आणि काही दिसेनासं होतं. छेद किती लांब घ्यायचा हे ठरतं ते आत कोणत्या शिरेची धास्ती आहे त्यावरून, असं मला वाटतं.

जरा मान वळवा. काखेत एक छेद, जांघेत एक. महाशिर चिमट्यात असेपर्यंत खालचं रक्त पंपाने उचलून काखेतल्या शिरेतून हृदयाकडे पाठवायचं, ही तेव्हाची ताजी सोय. पुढे महाशिर जागेवरच ठेवून नवं यकृत तिच्यावर जोडायची रीत रुळली आणि हे जादा छेद बऱ्याच ठिकाणी गळाले.

मर्सिडीजचा हिशेब मात्र नंतर चुकता करावा लागतो. तीन फाटे मिळतात त्या तिठ्यावर रक्तपुरवठा तोकडा. रुग्ण आधीच खंगलेला, पोटात पाणी साठलेलं, वरून स्टेरॉइड. काही महिन्यांनी तो जोरात खोकतो आणि नेमका तिथेच फुगवटा येतो. हर्निया.

जपानात, मात्सुमोतोत, १९९३ मध्ये मासातोशी माकुउची एका जिवंत प्रौढाच्या यकृताचा डावा भाग दुसऱ्या प्रौढाला देतात. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा छेद छातीच्या हाडापासून सरळ खाली येतो आणि नाभीच्या थोडा वर उजवीकडे वळतो. डावा स्नायू शाबूत राहतो, तिठा उरतच नाही. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत तर सगळ्या हिशेबात एक अवघड माणूस येतो: ज्याला काहीही झालेलं नाही असा. रुग्ण जीव वाचला म्हणून व्रण सोसतो. बायको नवऱ्यासाठी किंवा लेक बापासाठी टेबलावर झोपली असेल, तर तिच्या पोटावर हातभर छेद कशासाठी?

म्हणून शेवटी सोलला चला, २०१५ नंतरच्या. दात्याच्या पोटावर बोटभरही नसलेली मोजकी भोकं, समोर पडदा. शिरेतून हिरवा रंग सोडतात आणि कापायची सीमा पडद्यावर उजळते. तासन्‌तास अगदी सावकाश काम चालतं, आणि मग एकदम घाई: रक्तवाहिन्या बंद केल्या की यकृताचा तुकडा पिशवीत घालून, सिझेरियनचा असतो तशा ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून काढायचा, झटपट. कोपऱ्यात मोठ्या छेदाची हत्यारं मांडूनच ठेवलेली असतात. मोठी शीर फाटली तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं.

तुकडा बर्फात टाकून सिस्टर पलीकडच्या खोलीकडे निघते. तिच्या मागे जा. तिथे रुग्णाचं पोट मोठ्या छेदाने उघडलेलं आहे, रिट्रॅक्टर लागलेला आहे. कडक, गाठाळ यकृत अख्खं बाहेर काढायचं आणि नव्याच्या शिरा, धमनी, पित्तनळी शिवायची, हे दुर्बिणीने करून पाहणारी केंद्रं अजून मोजकीच आहेत.