मुंबईची पूर्व किनारपट्टी : गोदीपासून पर्यटनस्थळापर्यंत

कुलाब्यातील ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा मुंबईचा पूर्व किनारा बहुतांश मुंबईकरांनी फारसा पाहिलेला नाही. समुद्र म्हटला की त्यांना मरीन ड्राइव्ह किंवा जुहू आठवते. पूर्वेकडे मात्र गोदीची भिंत आडवी येते. याच भिंतीमागे शहराचा जहाजबांधणीचा इतिहास घडला.

जहाजबांधणीचा वारसा

ईस्ट इंडिया कंपनीने 1736 मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मुंबईत आणले. पुढे वाडिया घराण्याच्या अनेक पिढ्यांनी येथे सागवानी जहाजे बांधली. ओकच्या तुलनेत सागवान पाण्यात जास्त टिकत असल्याने ब्रिटिश नौदलानेही येथे युद्धनौका बांधून घेतल्या. 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही त्यांपैकीच एक.

ही नौका आजही तरंगते आहे, पण मुंबईत नव्हे. इंग्लंडमधील हार्टलपूल या शहराचा जहाजबांधणीचा उद्योग 1960 च्या दशकात बंद पडला. 1987 मध्ये ‘त्रिंकोमाली’ तेथे नेण्यात आली आणि तिची दुरुस्ती 2001 मध्ये पूर्ण झाली. जुन्या गोदीत तिच्याभोवती संग्रहालय उभे राहिले आणि ओस पडलेल्या धक्क्यावर पर्यटक येऊ लागले.

मुंबईत अडचण कोणती?

वाडियांची मूळ गोदी आज नौदलाच्या ताब्यात असून ती चालू आहे. त्यामुळे ती सर्वांसाठी खुली करणे सोपे नाही. बदलाला वाव आहे तो शेजारच्या बंदराच्या जमिनीवर. 1989 मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर कंटेनरची बरीच वाहतूक तिकडे वळली. प्रिन्सेस डॉक (1880) आणि व्हिक्टोरिया डॉक (1888) यांसारख्या जुन्या गोद्यांचे महत्त्व ओसरले आणि अनेक गोदामे रिकामी पडली.

आतापर्यंत काय झाले?

या जमिनीच्या वापराचा विचार करण्यासाठी 2014 मध्ये केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2018 मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि सुमारे 966 हेक्टर क्षेत्राचा विकास आराखडा तयार झाला. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यासाठी रो-रो सेवा सुरू झाली. बॅलार्ड पियर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले.

खरा प्रश्न

हार्टलपूलची गोदी रिकामी होती, मुंबईचा हा किनारा मात्र रिकामा नाही. ससून डॉक आणि भाऊचा धक्का येथे पहाटेपासून मासळीचा लिलाव चालतो आणि त्यावर कोळी कुटुंबांचे पोट चालते. दारूखान्यात जुनी जहाजे तोडली जातात. बंदराच्या जमिनीवर वस्त्या आहेत. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

त्यामुळे नवा किनारा कसा असावा, हा केवळ सुशोभीकरणाचा प्रश्न उरत नाही. दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी जागा हवी आहे आणि समुद्रापर्यंत पोचणारी वाटही. ती देताना कोळणींची टोपली आणि जहाजतोडणी कामगारांचा रोजगार टिकला, तरच गोदीचा वारसा जपला असे म्हणता येईल. नाहीतर जुनी भिंत पडून तिच्या जागी उंच इमारतींची दुसरी भिंत उभी राहील.