कललेले मस्तक आणि तिसरा बिंदू

१/ एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकलेची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी खोके काढलेले असते. त्याच नियमांनी खालून पाहिलेले माणसाचे डोके काढू गेलो, की हनुवटी परातीएवढी आणि कपाळ लिंबाएवढे होते. या फसगतीमागे साडेपाचशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी थोडी परिभाषा. त्रिमितीय जग सपाट पृष्ठावर डोळ्याला दिसते तसे उतरवण्याची रीत म्हणजे यथादर्शन. रेल्वेचे रूळ दूरवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे भासतात, तो लोपबिंदू. खोक्याला लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन दिशा असतात. समोरून पाहिले तर एकच दिशा खोल जाते, म्हणून एक बिंदू. कोपऱ्याकडून पाहिले तर दोन. मान वर करून वा खाली वाकून पाहिले, तर उभ्या रेषाही एकमेकींकडे झुकू लागतात. हा तिसरा बिंदू.

३/ पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने यथादर्शनाचे प्रात्यक्षिक दाखवले आणि १४३५ मध्ये अल्बेर्तीने त्याचे शास्त्र ग्रंथबद्ध केले. चित्र म्हणजे उघडी खिडकी, ही त्याची प्रसिद्ध कल्पना. खिडकी मात्र भिंतीत सरळ उभी असते. उभ्या काचेतून पाहिलेल्या खांबांच्या उभ्या रेषा चित्रातही उभ्याच राहतात. त्यामुळे या चौकटीत इमारतींसाठी तिसऱ्या बिंदूची गरजच पडली नाही.

४/ परंतु माणूस म्हणजे इमारत नव्हे. तो मान मागे टाकतो, खाली घालतो, खांद्याकडे वळवतो. अशा वेळी खिडकी सरळ असूनही मस्तकाच्या तिन्ही दिशा काचेशी तिरप्या होतात. म्हणजे तीन लोपबिंदू आले! त्यात मस्तकाला ना कडा, ना कोपरे, ना समांतर रेषा. मग कोणती रेषा कोणत्या बिंदूकडे न्यायची?

५/ हा प्रश्न मुळापासून सोडवला तो सानसेपोल्क्रो या लहानशा गावच्या पिएरो देल्ला फ्रांचेस्काने. तो जितका थोर चित्रकार, तितकाच कसलेला गणिती. १४७०च्या दशकाच्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ‘दे प्रोस्पेक्तिव्हा पिंजेंदी’ या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात सपाट आकृती, दुसऱ्यात घनाकृती आणि तिसऱ्यात स्तंभशीर्षासारखे अवघड आकार. माणसाचे मस्तक या तिसऱ्या भागात येते.

६/ त्याच्या या रीतीत लोपबिंदू वापरलेलाच नाही. प्रथम मस्तकाची समोरची आणि बाजूची आकृती काढायची. मग कांद्याच्या चकत्या कराव्यात तसे मस्तकाचे आडवे छेद कल्पायचे. प्रत्येक छेद वरून कसा दिसेल ते काढून त्याच्या कडेवर क्रमांकित बिंदू मांडायचे. मस्तक कललेले हवे असेल, तर बाजूची आकृतीच कलती करायची आणि बिंदूंच्या नव्या जागा शोधायच्या.

७/ पुढे येतो धागा. डोळ्याच्या जागी सुई रोवायची आणि तिला बारीक रेशमी धागा बांधायचा. घोड्याच्या शेपटीचा केस उत्तम, असेही पिएरो सुचवतो. तो धागा एकेका बिंदूपर्यंत ताणायचा आणि चित्राच्या रेषेला जेथे छेदेल तेथे पट्टीवर खूण करायची. वरच्या आराखड्यातून डावे-उजवे कळते, बाजूच्या आराखड्यातून वर-खाली. दोन खुणांमिळून चित्रातला एक बिंदू सिद्ध होतो. असे शंभराहून अधिक बिंदू जोडले, की कागदावर मान मागे टाकलेला चेहरा उमटतो.

८/ तीन लोपबिंदूंनी जे साधायचे, ते पिएरोने एकही लोपबिंदू न वापरता साधले. कारण लोपबिंदू ही केवळ सोय आहे. मूळ तत्त्व आहे ते डोळा, वस्तू आणि दोहोंमधले चित्रप्रतल यांचे नाते. आजचा संगणक त्रिमितीय चेहरा पडद्यावर आणतो, तेव्हा तोही मुळात एकेक बिंदू असाच प्रक्षेपित करीत असतो.

९/ पिएरोचा हा ग्रंथ छापला गेला थेट १८९९ मध्ये. तोवर तो हस्तलिखितांतून आणि इतरांच्या पुस्तकांतून झिरपत राहिला. दरम्यान जर्मनीत दुसरी वाट निघाली. १५०६ मध्ये व्हेनिसला असलेला ड्यूरर यथादर्शनाचे गुह्य शिकण्यासाठी बोलोन्याला जाण्याचा मनोदय पत्रात कळवतो. १५२८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रमाणांवरील ग्रंथात शरीराचे अवयव खोक्यांत बसवलेले दिसतात. १५३८ मध्ये न्युरेंबर्गच्याच एर्हार्ड श्योनने वेगवेगळ्या बाजूंना कललेली मस्तके चक्क ठोकळ्यांच्या रूपात छापली. डोके आधी ठोकळा म्हणून पाहा, हा आजच्या ड्रॉइंग क्लासमधला उपदेश इतका जुना आहे.

१०/ ठोकळा आला, की लोपबिंदूंचा हिशेब आला. चित्रप्रतलाशी समांतर नसलेल्या प्रत्येक समांतर रेषासमूहाला स्वतःचा असा एक बिंदू असतो, हे ग्विदोबाल्दो देल मोंतेने १६०० मध्ये सिद्ध केले. १७१५ मध्ये ब्रूक टेलरने (होय, टेलर श्रेणीवाला तोच!) कलत्या चित्रप्रतलासह सर्व स्थितींना लागू पडणारी मांडणी केली. चित्रकारांच्या हातांनी जे केव्हाच साधले होते, त्याचे सर्वसाधारण गणित असे मागाहून आले.

११/ आता परातीएवढ्या हनुवटीचे रहस्य. समजा, चित्रप्रतल डोळ्यापासून ५० सेंमी अंतरावर आहे आणि आपण ३० अंश वर पाहत आहोत. उभ्या रेषांचा लोपबिंदू चित्राच्या मध्यापासून सुमारे ८७ सेंमी वर येतो. २ मीटरवरचे २३ सेंमी उंचीचे मस्तक मात्र कागदावर जेमतेम ५ सेंमी भरते. म्हणजे तिसरा बिंदू मस्तकाच्या सतरापट दूर, कागदाच्या कितीतरी बाहेर! नवशिका तो कागदावरच घेतो आणि नकळत प्रेक्षकाचा डोळा त्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर नेऊन ठेवतो.

१२/ फोन हनुवटीजवळ धरून काढलेल्या सेल्फीत जबडा थोराड दिसतो, तो याच कारणाने. तेथे दोष लेन्सला देण्यापेक्षा अंतराला द्यावा. तिसरा बिंदू चेहऱ्याविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तो पाहणारा कोठे आहे हे सांगतो.

१३/ आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सानसेपोल्क्रोच्या जुन्या नगरगृहात पिएरोचे ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र आहे. कबरीपुढे चार शिपाई झोपले आहेत. त्यांतल्या एकाचे मस्तक मागे कललेले, हनुवटी वर आलेली. परंपरा त्याला पिएरोचे आत्मचित्र मानते. शिपाई आपल्याला खालून दिसतात. त्याच न्यायाने, त्यांच्या वर उभ्या असलेल्या ख्रिस्ताच्या हनुवटीचा खालचा भाग दिसायला हवा. तो दिसत नाही. ख्रिस्ताचा चेहरा अगदी समोरासमोर आहे आणि त्याची दृष्टी थेट आपल्यावर रोखलेली आहे.

१४/ मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातील मांतेन्याचा ‘मृत ख्रिस्त’ पाहा. आपण पायांशी उभे आहोत, देह डोक्याकडे आखडत गेला आहे. इतक्या जवळून पाहताना पावले प्रचंड आणि मस्तक इवलेसे दिसायला हवे होते. मांतेन्याने पावले लहान ठेवली, मस्तक मोठे ठेवले. पुष्कळ दुरून पाहिले तर अशी प्रमाणे जुळू शकतील. पण मग पायांशी उभे असल्याची ती गुदमरवणारी जवळीक उरणार नाही. एकाच डोळ्याला दोन्ही शक्य नाहीत.

१५/ यांना ‘चुका’ म्हणणारी टिपणे मी वाचली आहेत. पदवीच्या वर्षांत मीही एका निबंधात तसेच लिहिले होते. आज ते लिहिणार नाही. शंभर-सव्वाशे बिंदू घोड्याच्या केसाने मोजणाऱ्या माणसाला हनुवटीचा खालचा भाग ठाऊक नव्हता, हे संभवत नाही. शिपायांना त्याने एका ठरावीक डोळ्याच्या स्वाधीन केले. ख्रिस्ताला केले नाही. श्रद्धेने पाहणाऱ्याला तो चेहरा समोर हवा होता आणि गणिताने त्यापुढे माघार घेतली.

१६/ जुने चित्र वाचताना आपण नियम कोठे पाळला आहे हे शोधतो आणि तो मोडला असेल तेथे अज्ञान गृहीत धरतो. त्याआधी चित्रकाराला तो नियम येत होता का, हे तपासावे. येत असेल, तर ज्या जागी तो थांबला ती जागाच त्या काळाचा पुरावा ठरते.

१७/ तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी वर पाहणारा किंवा खाली झुकलेला चेहरा चित्रात दिसला, की आधी स्वतःची जागा शोधा: मी येथे कोठे उभा आहे? किती जवळ? आणि मला तेथे कोणी उभे केले? असे एखादे चित्र तुमच्या पाहण्यात असेल, तर खाली अवश्य सांगा. धागा समाप्त.