चाकरमान्यांनी टिपलेले अरण्य

वन्य प्राण्यांच्या छायाचित्रांविषयी कोठेही बोलणे निघाले, की एक उद्गार हटकून कानी पडतो. "सारे सुंदर आहे हो, पण आमच्यासारख्या चाकरमान्याला एवढी सवड कुठली?" हे म्हणणारा गृहस्थ खोटे बोलत नसतो. रोज वेळेवर कचेरी गाठायची, संध्याकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचे, आणि वर्षाकाठी मिळणारी हक्काची रजा लग्नकार्यांत नि आजारपणांत कधी संपली हे कळायचेही नाही. अशा माणसाने अरण्यात जाऊन वाघाची वाट पाहत बसायचे तरी केव्हा? आम्हीही हा उद्गार पुष्कळदा काढलेला आहे. परंतु या कलेचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा मात्र आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले. ज्यांनी ही कला उभी केली, त्यांतले कितीतरी जण पोटासाठी राबणारे होते. आणि त्यांच्या धंद्याचे, चाकरीचे ठसे त्यांच्या छायाचित्रांवर उमटलेले आहेत.

आरंभ इंग्लंडातील दोन भावांपासून करावा लागतो. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे यॉर्कशायरमधील एका खेडेगावातले. रिचर्ड लहानपणच्या दुखापतीमुळे एका पायाने अधू होता. ग्राऊस म्हणून तित्तिरासारखा एक पक्षी तिकडील माळांवर असतो. त्याची साद रिचर्ड हुबेहूब काढी. शिकारीसाठी आलेल्या एका गृहस्थाने ती ऐकली. हे गृहस्थ लंडनच्या कॅसेल या प्रकाशनसंस्थेशी संबंधित होते. पक्ष्याची नक्कल करता येते एवढ्या भांडवलावर रिचर्डला लंडनात नोकरी लागली, आणि मागाहून धाकटा चेरीही त्याच संस्थेत आला. म्हणजे दोघेही प्रकाशकाच्या कचेरीत बसणारे नोकर. १० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेस भटकत असताना चेरीने अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. तो दिवस कोणता होता हे आम्ही पंचांगाचे गणित मांडून पाहिले. तो रविवार निघाला!

त्या रविवारातून १८९५ साली 'ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स' हा ग्रंथ निघाला. ज्यातील सारी चित्रे निसर्गात प्रत्यक्ष घेतलेली छायाचित्रे आहेत, असा हा पहिला निसर्गग्रंथ मानला जातो. आणि तो कॅसेलनेच काढला. ज्या कचेरीने आठवड्याचे सहा दिवस घेतले, तिनेच सातव्या दिवसाचे फळ छापले. त्यासाठी हे भाऊ दोर बांधून कड्यांवरून खाली उतरत आणि एकमेकांच्या खांद्यांवर चढत. पुढे तर त्यांनी बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून आत पोकळ जागा केली व तीत बसून पक्ष्यांची चित्रे घेतली. रिचर्ड एकदा आत भोवळ येऊन बैलासकट कलंडला. चेरीने धाव घेतली खरी, पण आधी त्या उताण्या बैलाचे छायाचित्र घेतले नि मग भावाला बाहेर काढले असे सांगतात. कलेसाठी माणूस काय करील याचा नेम नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गचे एक वकील, जॉर्ज शायरस, उन्हाळ्याच्या सुटीत सुपीरियर सरोवराच्या परिसरात जाऊन रात्री होडीतून हरणांची चित्रे घेत होते. होडीच्या टोकाशी दिवा लावून हरणाला खिळवून ठेवायचे ही युक्ती तेथील ओजिब्वे लोकांच्या शिकारीची. शायरस यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. त्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात आली, तेव्हा मासिकाचे चित्रांचे पुस्तक होऊ लागले म्हणून संस्थेच्या दोघा संचालकांनी राजीनामे दिले. मार्गात तार ताणून जनावराकडूनच कॅमेरा उडवून घेण्याचा प्रयोगही शायरस यांनी केला होता. ती तार आपल्याकडील वाघापर्यंत पोचविणारा मनुष्य मात्र निराळा, आणि त्याच्याकरताच आम्ही हा सारा प्रपंच मांडला आहे.

फ्रेडरिक वॉल्टर चँपियन यांचा जन्म १८९३ चा. वडील नामांकित कीटकशास्त्रज्ञ होते. भाऊ हॅरी यांनी १९३६ साली केलेले भारतीय वनांचे वर्गीकरण वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही टाळता येत नाही. फ्रेडरिक १९१३ मध्ये हिंदुस्थानात आले ते पूर्व बंगालच्या पोलीस खात्यात. मध्यंतरी महायुद्धात सैन्यात गेले, आणि त्यानंतर संयुक्त प्रांताच्या वनखात्यात शिरले ते १९४७ पर्यंत. वनखात्यातील नोकरी म्हणजे अरण्यात राहून मौज, अशी आपली समजूत असते. वस्तुतः झाडांवर खुणा करणे, तोडीची देखरेख, वणव्यांचा बंदोबस्त, ठेकेदारांचे हिशेब आणि कागदांची चळत हे त्या नोकरीचे स्वरूप. वनाधिकारी दिवसभर अरण्यात हिंडतो खरा, परंतु वाघ फिरतो रात्री. दिवसभर पायपीट केलेल्या माणसाने रात्रभर मचाणावर जागून काढायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचे, हे किती दिवस जमणार?

चँपियन यांचे उत्तर असे, की जागायचे कॅमेऱ्याने. वाघ मोकळ्या वाटेने चालणे पसंत करतो. त्याच्या ठशांवरून त्याची वाट कोणती, हे कामानिमित्त त्याच वाटा तुडविणाऱ्या अधिकाऱ्याला आपोआप कळत असे. अशा वाटेवर एक बारीक तार ताणायची. वाघाचा पाय तारेला लागला की शटर उघडायचे आणि त्याच क्षणी मॅग्नेशियमची पूड भडकून उजेड पडायचा. वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढी, आणि साहेब तेव्हा तंबूत झोपलेले असत. सकाळी जाऊन काच उचलायची एवढेच उरे.

हे सांगायला सोपे आहे. दवाने पूड ओलावली तर रात्र वाया. तारेवर वाघाच्या आधी साळिंदराचा किंवा तरसाचा पाय पडला, तरी त्या रात्रीचे काम संपले. असे कित्येक हंगाम गेल्यावर ऑक्टोबर १९२५ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने त्यांची रानातील वाघांची चित्रे झळकविली, आणि १९२७ मध्ये 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक आले. बंदुकीने मारलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेली चित्रे तोवर हजारांनी होती. रात्रीच्या रानात स्वतःच्या कामाला निघालेला वाघ मात्र लोक प्रथमच पाहत होते. निरनिराळ्या रात्रींच्या काचा शेजारी शेजारी ठेवताना चँपियन यांना असेही दिसले, की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तसा पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी आपोआप चालणारे कॅमेरे लावले होते आणि वाघ पट्ट्यांवरूनच मोजले. एका नोकरदाराच्या झोपेसाठी निघालेल्या युक्तीचा हा विस्तार पाहिला म्हणजे आम्हांस गंमत वाटते.

यावर कोणी म्हणेल, साहेबाला काय, हत्ती, माहूत, तंबू, खानसामा सारे सरकारी! हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. त्या काचांवर ज्यांची नावे नाहीत अशा माहुतांचे आणि वनरक्षकांचे श्रम त्यांच्या मागे आहेत, आणि परक्या सत्तेचा अधिकारही आहे. पण हत्ती, तंबू आणि अधिकार तर त्यांच्या शेकडो जातभाईंनाही होता. बहुतेकांनी तो वाघ मारण्यात खर्च केला. चँपियन यांनी मोटारीतून होणाऱ्या शिकारीविरुद्ध लिहिले, बंदुकीचे परवाने आवरा म्हणून सांगितले. कुमाऊँतील जिम कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती धरला त्यामागे चँपियन यांच्या चित्रांची प्रेरणा होती. आणि हे कॉर्बेटही मोकाम घाटावर वीस वर्षांवर रेल्वेच्या मालाची चढउतार करवून घेणारे गृहस्थ! त्या भागात १९३६ मध्ये जे राष्ट्रीय उद्यान झाले आणि आज कॉर्बेट यांच्या नावाने ओळखले जाते, त्याच्या उभारणीत चँपियन यांचाही वाटा आहे.

आता अरण्याबाहेरच्या नोकरीचे एक उदाहरण. ई. पी. जी हे आसामात चहाच्या मळ्यावर होते. मळ्याचा हंगाम निर्दय असतो. वसंतात पाने खुडणे सुरू झाले, की पावसाळाभर कारखान्याला उसंत नाही. हिवाळ्यात मात्र झुडपांची छाटणी होते आणि मळा थोडा निवांत होतो. नेमके तेच दिवस पाणी ओसरून काझीरंगासारखी राने वावरण्याजोगी होण्याचे. चहाच्या झाडाने दिलेली ही सवड जी यांनी गेंड्यांना आणि हत्तींना दिली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले.

१९५३ मध्ये भूतानच्या सरहद्दीजवळ, संकोश नदीच्या पूर्वेस, त्यांनी सोनेरी केसांच्या वानरांचा शोध घेऊन त्यांची चित्रे टिपली. तेथील लोक ही वानरे पाहत आलेच असतील. शास्त्राच्या वहीत मात्र त्यांची रीतसर नोंद नव्हती. ती १९५६ साली झाली, आणि त्या वानराच्या शास्त्रीय नावात जी यांचे नाव गुंफले गेले. जी चहाच्या व्यवसायातून निवृत्त झाले ते त्यानंतर, १९५९ मध्ये. मग ते शिलाँगला जाऊन राहिले, आणि १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या प्रस्तावनेसह त्यांचे 'द वाइल्ड लाइफ ऑफ इंडिया' हे पुस्तक आले. त्यातले पुष्कळसे अनुभव मळ्यावरच्या वर्षांतलेच आहेत.