डोळ्याची रात्रपाळी



माणसाने किती तास राबावे आणि किती तास विश्रांती घ्यावी, हा कामगार चळवळीचा जुना प्रश्न. आज तोच प्रश्न मी डोळ्याच्या वतीने मांडणार आहे. कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे डोळ्यात बसवायचे भिंग, न काढताच झोपणारे लोक पुष्कळ आहेत. त्यात धोका काय, हे या भिंगाचा इतिहासच सांगतो.

झुरिक येथील डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी 1888 मध्ये काचेच्या अशा भिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी सशांवर, मग स्वतःवर त्यांनी प्रयोग केले. ते भिंग जेमतेम दोन तास सोसवे. कारण असे, की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत. जागेपणी तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. झोपेत पापण्या मिटल्या की हा पुरवठा सुमारे एकतृतीयांशावर येतो. त्यात वर भिंगाचे झाकण! पडदा सुजतो, त्याचा वरचा थर दुबळा होतो. पापण्यांची उघडझाप थांबल्याने अश्रूंची धुलाईही थांबते, आणि भिंगाखाली अडकलेल्या जंतूंचे फावते.

पुढे प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी पाणी शोषणारा मऊ पदार्थ शोधला. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून घरच्या घरी यंत्र केले आणि त्यावर मऊ भिंगे काढली. कारागिराला अभिमान वाटावा असेच हे काम! 1971 मध्ये अमेरिकेत मऊ भिंगांना परवानगी मिळाली. 1981 मध्ये तर ती सलग 30 दिवस डोळ्यात ठेवण्यासही तेथील औषध प्रशासनाने मान्यता दिली. डोळ्याची रात्रपाळी सुरू झाली ती अशी.

हिशेब बाहेर आला 1989 मध्ये. रोज रात्री काढायची मऊ भिंगे वापरणाऱ्या 10 हजारांत वर्षाला सुमारे 4 जणांच्या बुबुळाला जंतुजन्य व्रण होई. रात्रंदिवस ठेवायची भिंगे वापरणाऱ्यांत तो आकडा सुमारे 21 होता. जितक्या रात्री सलग, तितका धोका अधिक. त्याच वर्षी 30 दिवसांची मुदत 7 दिवसांवर आणण्यात आली.

1999 च्या सुमारास भरपूर प्राणवायू आत सोडणारी सिलिकॉनची भिंगे आली आणि 2001 मध्ये 30 दिवसांची परवानगी परत मिळाली. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पाहणीत झोपेतला धोका कमी झालेला आढळला नाही. हवेची सोय झाली. जंतूंची मात्र झाली नाही.

दहा हजारांत एकवीस म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. यंत्रावरच्या अपघातांबद्दलही आम्ही हेच उत्तर ऐकत आलो. ज्याचे बोट जाते त्याच्या लेखी हिशेब शंभर टक्क्यांचा असतो. बुबुळावरचा व्रण भरला तरी मागे फूल राहू शकते, दृष्टीही जाऊ शकते. आणि कधीकधी एकदोन दिवसांतच.

डॉक्टरांनी उपचारासाठी मुद्दाम रात्री ठेवायला सांगितलेल्या भिंगाची गोष्ट वेगळी. एरवी निजण्यापूर्वी हात धुऊन, कोरडे करून भिंग काढावे. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर भिंग त्याच क्षणी काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कामगाराला विश्रांतीचे तास भांडून मिळवावे लागले. डोळा संप करीत नाही. त्याची सुट्टी आपणच त्याला दिली पाहिजे.