इथं कलदार चालत नाही

हैदराबादच्या नारायणगुडा मेट्रो स्थानकाचा जिना तुम्ही उतरता आहात. शेवटची पायरी सुटते आणि पाय पडतो तो थेट चिखलात. वळून बघता, तर जिना नाही, खांब नाहीत, डोक्यावरून जाणारी गाडी नाही. ओल्या मातीत टांग्याच्या चाकांनी पाडलेले दोन चर तेवढे आहेत, आणि वर ऑगस्टमधलं जड आभाळ. वार शनिवार. तारीख 21 ऑगस्ट 1948.

दिल्लीत लाल किल्ल्यावर तिरंगा चढून वर्ष उलटलंय. ज्या देशातून तुम्ही आलात, त्याची घटना अजून मसुद्यातच आहे. फेब्रुवारीत मसुदा छापून झाला, घटना समितीतली चर्चा नोव्हेंबरात सुरू व्हायचीय. काश्मिरात लढाई चालू आहे. फाळणीत उखडलेली माणसं छावण्यांत आहेत. गांधीजींना जाऊन सात महिनेही झालेले नाहीत. आणि तुम्ही जिथं उभे आहात, ती जमीन त्या देशात मोडतच नाही.

कोपऱ्यावर चहाचं दुकान आहे. चहा सांगता. खिशात हात घालता तर रुपयाचं नाणं लागतं, सहाव्या जॉर्जचा मुखवटा असलेलं. दुकानदार ते बोटांत धरून उजेडाकडे करतो आणि परत तुमच्या हातावर ठेवतो.

"पाव्हणं, ह्यो कलदार हाय. हितं चालत न्हाई. हाली असंल तर द्या."

मराठी ऐकून तुम्ही चमकता. तो लातूरकडचा. गावाकडे भाऊ आहे, चार एकर कोरडवाहू आहे. हा पोटासाठी मनमाडच्या मीटर गेज गाडीने काचिगुड्याला उतरला तो इथंच राहिला. ग्राहक त्याला चाचा म्हणतात. घरी तो मराठीच बोलतो, गल्ल्यावर दखनी. नमाजाला जातो आणि पेरणीच्या गप्पा निघाल्या की पंचांगातली नक्षत्रं घडाघडा म्हणून दाखवतो.

गल्ल्यातला एक हाली रुपया तो तुमच्या तळहातावर ठेवतो. चांदीचा. त्यावर चारमिनार कोरलाय आणि त्याच्या मधल्या कमानीत, दारात कुणी उभं राहावं तसं एकच अक्षर आहे, उर्दूतला 'ऐन'. उस्मानचा ऐन. मीर उस्मान अली खान, सातवे निजाम. नाणं त्यांचं, रेल्वे त्यांची, टपालाची तिकिटं त्यांची, फौज त्यांची, फसली सनाची दिनदर्शिकासुद्धा त्यांची. 82 हजार चौरस मैल मुलूख, दीड कोटीच्या वर माणसं, सोळा जिल्हे. त्यातले पाच मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद.

या सत्तेचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या बुलढाण्यात साखरखेर्डा आहे. तिथं 1724 च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्काने मुबारिझ खानाला हरवलं आणि दिल्लीच्या मुघल बादशहाचा दख्खनचा सुभा आपल्या घराण्याकडे ओढून घेतला. पुढं बादशाही खिळखिळी झाली, 1857 नंतर तर सिंहासनच उरलं नाही. सुभा मात्र टिकला. तो इंग्रजांचा इमानदार दोस्त बनला होता. 1947 साली इंग्रजही गेले. दोन साम्राज्यं बुडाली आणि दोन्हींचा उरलेला तुकडा नव्या देशाच्या ऐन पोटात, स्वतंत्र राज्य म्हणवून घेत, बसून राहिला.

29 नोव्हेंबर 1947 ला भारताशी एका वर्षाचा जैसे थे करार झाला. करारावरची शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने भारतीय रुपया इथं चालणार नाही असा वटहुकूम काढला आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज देऊ केलं. चाचाने तुमचं नाणं परत केलं, त्यामागं हा वटहुकूम आहे.

"च्या प्या. पैशाचं बघू."

चहा पिऊन तुम्ही किंग कोठीकडे चालू लागता. नारायणगुड्याला लागूनच आहे ती. कमाल खान नावाच्या माणसाने बांधलेला वाडा. दारांवर, खिडक्यांवर त्याच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली, के के. निजामांनी वाडा घेतला तेव्हा दुसऱ्याच्या नावाची अक्षरं कशी ठेवायची, म्हणून त्याच अक्षरांना 'किंग कोठी' हे नाव जोडलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना होते, तो इथं राहतो. एका फाटकावर भला मोठा पडदा आहे. पडदा वर असला की मालक बाहेर गेलेत, खाली असला की आत आहेत, असं सगळा मोहल्ला समजतो.

आज पडदा खाली आहे आणि पहारा दुप्पट. गेल्या 4 डिसेंबरला संध्याकाळी या रस्त्यावर निजामांच्या मोटारीवर बॉम्ब पडला होता. टाकणाऱ्याचं नाव नारायणराव पवार, आर्य समाजातला तरुण. जगदीश आर्य आणि गंगाराम हे साथीदार पुढं थांबले होते. निजाम वाचले, रस्त्यावरची माणसं जखमी झाली. पवारांना फाशीची शिक्षा झाली आहे. ती अमलात येणार नाही, 1949 मध्ये ते सुटतील, हे तुम्हाला ठाऊक आहे. या रस्त्यावर ते सांगायची सोय नाही.

परत फिरताना केशव मेमोरियल शाळेचं नाव कानी पडतं. 1940 साली काढलेली. ज्यांच्या नावाने ती आहे ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मराठी. 1907 च्या विवेकवर्धिनीच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मराठी, तेलुगू, कन्नड मुलांना शाळेत उर्दूतून शिकावं लागत होतं, तेव्हा अशा माणसांनी वर्ग चालवले. माझ्या मते हैदराबादचा मुक्तिसंग्राम सीमेवरच्या क्रांतिकारकांच्या छावण्यांत पेटण्याआधी इथल्या शाळांत आणि वाचनालयांत तयार झाला. छावण्यांची गोष्ट आपण वारंवार सांगतो, ती सांगायलाच हवी. शाळांची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

अंधार पडतो तशी दुकानांची फळकुटं लागू लागतात. निजामांची सत्ता टिकवायला उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांची एक टोळी लष्करी पावलं टाकत जाते; खाकी कपडे, कुणाकडे बंदूक, कुणाकडे भाला. त्यांचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील. गेल्या ऑक्टोबरात त्याच्या जमावाने पंतप्रधान छतारीच्या नवाबांच्या बंगल्याला वेढा घातला आणि भारताशी होऊ घातलेला करार तेव्हापुरता थांबवला. निजामांचा पंतप्रधानसुद्धा ज्यांच्यापुढं हतबल झाला, ते खेड्यापाड्यांत काय करत असतील याचा अंदाज तुम्हाला येतो. लुटीच्या, जाळपोळीच्या बातम्या रोज येतात. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत. ज्यांना शक्य होतं त्यांनी बायकापोरं सोलापूर-बार्शीकडे पाठवून दिली आहेत. चाचा रझाकारांकडे बघत नाही. फडक्याने तोच तो पेला पुसत राहतो.

"ह्यांच्यात माझ्या गावची बी हायत," तो हळूच म्हणतो. "लहानपणी एका हिरीत पोहलोत."

रात्र चढते. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेत, ढग सरकले की रस्ता उजळतो. तुम्ही काचिगुड्याकडे चालत निघता. तिकडे एका छोट्या कचेरीत अजून दिवा आहे. 'इमरोज' नावाच्या उर्दू दैनिकाची ती कचेरी. संपादक शोएबउल्ला खान, वय 27, उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर. आधी 'रय्यत'मध्ये होते. सरकारने ते बंद पाडलं, तेव्हा 1947 च्या नोव्हेंबरात स्वतःचं दैनिक काढलं. पाठबळ बुर्गुला रामकृष्ण रावांचं. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले हे गृहस्थ पुढं 1952 मध्ये हैदराबादचे मुख्यमंत्री होतील.

दाराशी उभं राहून तुम्ही आत बघता. टेबलावर कागद, शाईची दौत, उजवीकडून डावीकडे सरकणारा हात. हा माणूस लिहितो ते दरबाराच्या भाषेत, आणि मागतो ते दरबाराला नको असलेलं: लोकांना जबाबदार असं सरकार, भारतात विलीनीकरण, रझाकारांना आवर. याच महिन्यात हैदराबादच्या सात प्रतिष्ठित मुसलमानांनी विलीनीकरणाच्या बाजूने पत्रक काढलं, ते इमरोजने छापलं. दरबाराला रझवीच्या सैन्याहून मोठा आधार एका समजुतीचा होता: निजामांची सत्ता म्हणजे इथल्या मुसलमानांची सत्ता. शोएबउल्ला रोज सकाळी ती समजूत खोडून काढत होते, आणि त्याच लोकांच्या भाषेत. म्हणून ते इतरांपेक्षा जास्त खुपत होते. दोनच दिवसांपूर्वी, 19 तारखेला, झमरुद महल थिएटरातल्या सभेत रझवीने विरोधात उठणारे हात तोडण्याची भाषा केली आहे.

मध्यरात्र होत आली. दिवा मालवला जातो. शोएबउल्ला बाहेर पडतात, बरोबर मेहुणे इस्माईल खान. दोघं पायीच निघतात. तुम्हाला ओरडायचंय, त्यांना दुसऱ्या गल्लीने न्यायचंय. घशातून आवाज निघत नाही. चप्पल बाजाराच्या रस्त्यावर, लिंगमपल्लीच्या चौकाजवळ, अंधारातून माणसं पुढं येतात. गोळ्या सुटतात. पडलेल्या माणसाचा लिहिता हात तलवारीने तोडला जातो. वाचवायला धावलेले इस्माईल खानही जबर जखमी होतात. खिडक्या उघडतात, कुणीतरी कंदील धरतं. पहाटेपर्यंत शोएबउल्ला गेलेले असतात.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुणी मोठ्याने बोलत नाही. चाचाचं दुकान बंद आहे.

इथून पुढचे दिवस भराभर सरकतात. 13 सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जयंतोनाथ चौधरींच्या तुकड्या सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने आत शिरतात. विजयवाड्याकडून दुसरी फळी. अजिंक्य म्हणवणारी सत्ता पाच दिवस टिकते. 17 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, गणपतीच्या दिवसांत, निजाम स्वतः रेडिओवर बोलतात: शस्त्रं खाली. नारायणगुड्यातल्या एका मराठी घराच्या ओट्यावर तुम्ही रेडिओभोवती दाटीने बसला आहात. आजीबाई विचारतात, "म्हंजे आता आपण कुठं?" ओटाभर हशा पिकतो आणि मग आजीबाईंसकट सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. स्वामीजी सुटतात. दुसऱ्या दिवशी निजामांचे सेनापती एल एद्रूस चौधरींपुढं शरण येतात.

तुम्ही इथंच थांबलात तर गोष्ट सोपी राहील. मराठवाड्यात घरोघरी ती बहुधा इथंच थांबते. मी तुम्हाला आणखी काही आठवडे थांबवतो, कारण रझाकारांनी जे केलं ते जितकं खरं, तितकंच पुढचंही खरं आहे. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत सूड उगवला गेला, आणि ज्यांनी कधी भाला उचलला नव्हता असे मुसलमान त्यात मारले गेले. नेहरूंच्या सांगण्यावरून पाहणीला आलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज 27 ते 40 हजार मृतांचा होता. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. ज्यांच्या मोहल्ल्यातून शोएबउल्ला आले, ज्यांच्यासाठी ते लिहीत होते, त्यातलीच ही माणसं. त्यांची नावं आपल्या मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाहीत, याचं मला दुःख आहे. आणि निजाम? 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झालं तेव्हा ते त्याच राज्याचे राजप्रमुख होते.

1948 चा ऑक्टोबर. चाचाचं दुकान उघडलंय. चहा समोर ठेवून तो बाकाच्या कडेला टेकतो. तुम्ही कलदार पुढं करता. तो बघतसुद्धा नाही.

"भावाचं पत्र न्हाई. सवा महिना झाला. गाडीनं येणाऱ्या समद्यास्नी इचारतो. कोन काय सांगतं, कोन काय."

मग गल्ल्याखालून एक कागद काढतो, चार घड्या पडलेला.

"तुमी मराठी लिवता ना? पाटलाला लिवा. त्यो वाचून दावील."

तुम्ही लिहिता. तो सांगत जातो: बैल कसे आहेत, पाऊस झाला का, थोरल्या पोरीचं ठरलं होतं त्याचं काय झालं. जिवंत आहेस का, हे तो सांगत नाही आणि तुम्हीही लिहीत नाही. पत्र संपतं. पत्ता लिहायला घेता. मुक्काम, पोस्ट. तालुका लातूर. जिल्हा उस्मानाबाद.

"म्होरं काय लिवायचं?" तो विचारतो. "हैदराबाद, का हिंदुस्थान?"

टाक दौतीत बुडवून तुम्ही कागदावर धरता. तो तुमच्या हाताकडे बघत थांबलाय.